सम्राटाचे पापनिवेदन

पापनिवेदन म्हटले की आपल्या कुटुंबांच्या डोळ्यांसमोर लाकडी पेटी, जाळी आणि पडदा उभा राहतो. ही व्यवस्था प्रेषितांच्या काळापासून चालत आली असावी, असा अनेकांचा समज आहे. वास्तविक ती रूढ होण्यास कारण झाले ते सोळाव्या शतकातील मिलानचे आर्चबिशप संत चार्ल्स बोरोमिओ. त्याच मिलान नगरीत त्यांच्यापूर्वी सुमारे बारा शतके एक पापनिवेदन घडले. तेथे जाळी नव्हती आणि पडदाही नव्हता.

रोमन सम्राट थिओडोसिअस याचा बाप्तिस्मा ३८० साली आजारपणात, थेस्सलनीका येथे झाला. संत पौलाने ज्यांना पत्रे लिहिली त्यांचेच हे नगर. पुढे ३९० साली तेथील सेनाधिकारी बुथेरिक याने एका लोकप्रिय सारथ्याला दुर्वर्तनाबद्दल तुरुंगात टाकले. शर्यतींसाठी त्याला सोडावे म्हणून जमाव खवळला आणि दंगलीत बुथेरिक मारला गेला. सम्राट तेव्हा मिलानमध्ये होता. संतापाच्या भरात त्याने नगराला शासन करण्याचा हुकूम सोडला. मागाहून तो मागे घेतला, परंतु तोवर उशीर झाला होता. सैनिकांनी अपराधी व निरपराधी असा भेद न करता कत्तल केली. पाचव्या शतकातील इतिहासकार थिओडोरेट मृतांचा आकडा सात हजार देतो. तो वाढवलेला असू शकेल. कृत्य मात्र खरे.

मिलानचे बिशप संत आंब्रोज यांनी काय केले? रूबेन्स व व्हॅन डाइक यांच्या चित्रांत ते चर्चच्या दारात सम्राटाला अडवताना दिसतात. ही कथा थिओडोरेटची आहे, आणि आजचे अभ्यासक ती ग्राह्य मानत नाहीत. ती गेल्याची आम्हांला खंत नाही. दारातील प्रसंगात सत्तेशी सत्तेची झुंज दिसते. प्रत्यक्षात आंब्रोज प्रकृतीचे कारण सांगून नगराबाहेर गेले आणि तेथून त्यांनी स्वहस्ते एक पत्र लिहिले, ते केवळ सम्राटाने वाचावे म्हणून. दाविद राजाने नाथान संदेष्ट्यापुढे आपले पाप कबूल केले, त्याचे स्मरण त्यांनी करून दिले. सम्राट उपस्थित असेल तर आपणांस पवित्र यज्ञ अर्पण करण्याचे धाडस होणार नाही, असेही स्पष्ट कळवले. चांगला वैद्य रोग्याची जखम चव्हाट्यावर उघडत नाही, तसेच हे.

त्या काळी गंभीर पापांचे प्रायश्चित्त बाप्तिस्म्यानंतर आयुष्यात एकदाच करता येई, आणि तेही सर्वांदेखत. प्रायश्चित्ती वेगळे उभे राहत, त्यांना ख्रिस्तशरीर मिळत नसे. पुष्कळजण या लज्जेच्या भयाने ते मरणकाळापर्यंत लांबवीत. थिओडोसिअसला सबबी होत्याच: अधिकाऱ्याचा खून झाला होता, हुकूम मागे घेतला होता, तलवार दुसऱ्यांनी चालवली होती. त्याने एकही पुढे केली नाही. राजचिन्हे उतरवून तो मंदिरात सर्वांसमक्ष रडला. नाताळाच्या सुमारास त्याला पुन्हा ख्रिस्तशरीर मिळाले, असे परंपरा सांगते. देहान्ताची शिक्षा तीस दिवस रोखून धरणारा कायदा याच पश्चात्तापाचे फळ, असे रुफिनस लिहितो. त्या कायद्याच्या तारखेबद्दल मात्र मतभेद आहेत.

पुढे आयरिश मठवासीयांनी खासगी व वारंवार करावयाच्या पापनिवेदनाची प्रथा युरोपभर नेली. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने ते वर्षातून एकदा तरी बंधनकारक केले, तर १९७३ च्या नव्या विधीने समोरासमोर बसून बोलण्याची वाट मोकळी केली. पुनःपुन्हा बरे होण्याची ही सोय मोठी कृपाच होय. तथापि आमच्या मते एक गोष्ट हातची निसटली. पाठ केलेली तीच ती यादी म्हणून आपण उठतो. थेस्सलनीकेचे नाव घ्यावयाचे राहून जाते.

थिओडोसिअस १७ जानेवारी ३९५ रोजी मिलानमध्येच वारला. चाळीस दिवसांनी, त्याचा बालपुत्र होनोरिअस उपस्थित असताना, आंब्रोज यांनी अंत्यप्रवचन केले. त्यात विजयांपेक्षा त्या अश्रूंचा गौरव अधिक आहे. त्या चुकीचे दुःख सम्राटाला पुढे एकही दिवस सोडून गेले नाही, असे ते म्हणाले. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. ३९४ च्या अखेरच्या लढाईत सम्राटाला मोठा विजय मिळाला, पण रणात शत्रू मारले गेले म्हणून तो काही काळ ख्रिस्तशरीरापासून दूर राहिला. या वेळी त्याला कोणी पत्र लिहिले नव्हते.