गुण किती, आणि कितीपैकी?



लेकरू शाळेतून आलं की आपण विचारतो, "किती मार्क पडले?" ते म्हणालं, "चाळीस," की आपला दुसरा प्रश्न तयार असतो, "कितीपैकी?" ५० पैकी ४० असतील तर आपण खूश होतो, १०० पैकी असतील तर काळजीत पडतो. खेळाच्या मैदानावर मात्र हा दुसरा प्रश्न विचारायचं आपण विसरतो. आपल्या शाळांतल्या मुली मल्लखांब करतात, कोलांट्या मारतात, जिम्नॅस्टिक्सच्या स्पर्धांना जातात आणि कागदावर ८.४ किंवा ९.१ असा आकडा घेऊन घरी येतात. तो आकडा चांगला की वाईट? हे समजून घ्यायला आज आपण जिम्नॅस्टिक्समधल्या गुणांचा इतिहास पाहू.

ऑलिंपिकमध्ये बायकांचं जिम्नॅस्टिक्स १९२८ साली अॅमस्टरडॅमला सुरू झालं. आज ऐकून नवल वाटेल, पण तेव्हा आणि पुढेही कितीतरी वर्षं हा मोठ्या बायकांचा खेळ होता. हंगेरीच्या अॅग्नेस केलेटी यांनी १९५६ साली मेलबर्नला चार सुवर्णपदकं जिंकली, तेव्हा त्या ३५ वर्षांच्या होत्या. सोव्हिएत संघाच्या लारिसा लातिनिना यांनी तीन ऑलिंपिकमध्ये मिळून १८ पदकं मिळवली. १९५८ च्या जागतिक स्पर्धेत त्या पोटुशी असताना उतरल्या आणि जिंकल्या. १९६४ च्या ऑलिंपिकमध्ये उतरल्या तेव्हा त्या लेकुरवाळ्या होत्या.

गुण द्यायची रीत तेव्हा सोपी होती. सगळ्यात जास्त गुण १०. पंच बारकाईनं बघायचे. गुडघा वाकला, काप. उतरताना पाऊल सरकलं, काप. चार पंचांनी गुण दिले की सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी गुण बाजूला ठेवायचे आणि मधल्या दोघांची सरासरी काढायची. एखाद्या पंचाची मर्जी किंवा राग आड येऊ नये, म्हणून ही काळजी. पुरते १० ऑलिंपिकमध्ये कुठल्याच महिला जिम्नॅस्टला मिळाले नव्हते.

१८ जुलै १९७६ रोजी कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात ते घडलं. रुमानियाची १४ वर्षांची नादिया कोमानेची उंच-सखल अशा दोन दांड्यांवरचा खेळ करून उतरली आणि गुणफलकावर आकडा आला १.००. लोक चक्रावले. इतका सुरेख खेळ आणि गुण एकच? खरं तर तिला १० पैकी १० मिळाले होते. पण फलकावर १०.०० दाखवायची सोयच नव्हती, कारण एवढे गुण कुणी मिळवील असं करणाऱ्यांना वाटलं नव्हतं. त्या ऑलिंपिकमध्ये नादियानं एकूण सात वेळा १० मिळवले आणि तीन सुवर्णपदकं नेली.

जगानं टाळ्या वाजवल्या, पण त्याचा एक परिणाम मुलींच्या वाट्याला आला. लहान, हलकं शरीर हवेत लवकर फिरतं, त्यामुळे अनेक देशांतले प्रशिक्षक कोवळ्या मुलींच्या मागे लागले. मोठ्या बायका या खेळातून जवळजवळ दिसेनाशा झाल्या. मग वयाची अट वाढवावी लागली. १९७६ मध्ये ती १४ वर्षांची होती, १९८१ पासून १५ झाली आणि १९९७ पासून १६. तरी लपवालपवी झालीच. २००० साली सिडनीला चीनच्या संघानं कांस्यपदक जिंकलं होतं. त्यातली एक मुलगी तेव्हा १४ वर्षांचीच होती, असं पुढे कागदपत्रांतून निघालं आणि २०१० मध्ये ते पदक काढून घेण्यात आलं.

इकडे १० च्या मापालाही अडचण येऊ लागली. अवघड खेळ करणारी आणि त्याहून थोडा सोपा खेळ करणारी, दोघीही साडेनऊच्या पुढेच. मग फरक दाखवायचा कसा? २००४ साली अथेन्सला पुरुषांच्या स्पर्धेत दक्षिण कोरियाच्या एका खेळाडूच्या खेळाची सुरुवात पंचांनी १० ऐवजी चुकून ९.९ पासून धरली. तो तिसरा आला. तो एक दशांश मिळाला असता तर बेरजेत तो पहिला होता. तीन पंचांना निलंबित केलं गेलं, खूप गदारोळ झाला. २००६ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत नवी पद्धत आली आणि १० ची मर्यादा गेली.

नवी पद्धत डेअरीवर दूध घालणाऱ्या बाईला चटकन कळेल. दुधाचा भाव जसा फॅट आणि एसएनएफ अशा दोन आकड्यांवर ठरतो, तसे इथेही दोन आकडे. पहिला काठिण्याचा, म्हणजे खेळाडूनं किती अवघड हालचाली केल्या त्याचा. त्याला वरची मर्यादा नाही. दुसरा सफाईचा. तो १० पासून सुरू होतो आणि चुकीप्रमाणे कमी होतो. लहान चुकीला ०.१, मधल्या चुकीला ०.३, मोठ्या चुकीला ०.५. मोठ्यांच्या स्पर्धेत खेळाडू पडली, तर आता पूर्ण १ गुण जातो. दोन्ही आकड्यांची बेरीज म्हणजे गुण.

त्रिपुरातल्या आगरताळ्याच्या दीपा कर्माकरचं उदाहरण घ्या. ऑलिंपिकला पात्र ठरलेली ती पहिली भारतीय महिला जिम्नॅस्ट. २०१६ साली रिओच्या अंतिम फेरीत तिनं प्रोदुनोव्हा नावाची उडी मारली. धावत येऊन, व्हॉल्टच्या टेबलावर हात टेकून, हवेत दोन कोलांट्या घेऊन उतरायचं. चुकलं तर मानेवर पडण्याची भीती. त्या उडीचं काठिण्य तेव्हा ७.० होतं. तिला सफाईचे ८.२६६ मिळाले, म्हणजे १५.२६६. पहिल्या उडीचे १४.८६६ धरून सरासरी आली १५.०६६. कांस्यपदक १५.२१६ ला गेलं. दीपा ०.१५० नं चौथी आली. पुढच्याच वर्षी नियम बदलले आणि त्याच उडीचं काठिण्य ६.४ झालं. उडी तीच, जीवाची जोखीम तीच, पण आकडा कमी. म्हणून नादियाचे १० आणि दीपाचे १५ यांची तुलनाच होत नाही. मापंच वेगळी आहेत.

कधी कधी माप बरोबर असतं आणि साधनच चुकीचं असतं. २००० साली सिडनीला व्हॉल्टची उंची १२५ सेंटिमीटर हवी होती, ती लावली गेली १२०. जगातल्या उत्तम खेळाडू एकामागून एक चुकू लागल्या. शेवटी ऑस्ट्रेलियाच्या एका मुलीनं चूक दाखवून दिली. ज्यांच्या उड्या झाल्या होत्या त्यांना पुन्हा संधी दिली गेली, पण काहींचं मन तोवर खचलं होतं.

आता लहान मुलांच्या स्पर्धांकडे येऊ. बऱ्याच ठिकाणी तिथे अजून १० पैकीच गुण देतात. अमेरिकेत मुलींसाठी दहा पायऱ्या आहेत. खालच्या पायऱ्यांवर सगळ्या मुली ठरवून दिलेला एकच खेळ करतात, त्यामुळे कोणी किती सफाईनं केला एवढंच बघायचं. पडल्यास अर्धा गुण जातो. साधारण ९ च्या पुढचे गुण तिथे चांगले मानतात. चार प्रकार मिळून ४० पैकी ३६ म्हणजे प्रत्येकात सरासरी ९. पण मुलगी वरच्या पायरीवर गेली, की पहिल्या वर्षी तिचे गुण बहुधा उतरतात. पाठीमागच्या वर्षी ९.३ आणि यंदा ८.२ म्हणजे ती बिघडली असं नाही. ती अवघड खेळ शिकते आहे.

आकड्याच्या मागे लागून काय होतं, हेही या इतिहासात लिहिलेलं आहे. १९९६ साली अटलांटाला अमेरिकेची केरी स्ट्रग पहिल्या उडीत पडली आणि तिचा घोटा दुखावला. तरी तिनं दुसरी उडी मारली, ९.७१२ मिळवले आणि तिला उचलून न्यावं लागलं. संघाला सुवर्ण मिळालं. नंतर हिशेब केला तेव्हा कळलं, ती दुसरी उडी मारली नसती तरी सुवर्ण त्यांचंच होतं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयात दीडशेहून जास्त मुलींनी आणि बायकांनी उभं राहून सांगितलं, की खेळाडूंवर उपचार करणाऱ्या डॉक्टरनं त्यांच्यावर लैंगिक अत्याचार केले. काहींनी लहानपणीच तक्रार केली होती, पण मोठ्यांनी ऐकलं नव्हतं. २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये चौकशी अहवाल आला. मुलींचं वारंवार वजन करणं, खाण्यावर पहारा ठेवणं, दुखापत असताना सराव करायला लावणं, असं बरंच त्यात नोंदलेलं आहे.

म्हणून मैत्रिणींनो, मुलगी स्पर्धेहून आली की आकडा जरूर विचारा, त्याबरोबर आणखी चार गोष्टी विचारा. गुण कितीपैकी होते? कोणत्या पायरीचा खेळ होता? कुठे गुण कापले गेले, आणि मागच्या वेळची चूक या वेळी सुधारली का? चौथा प्रश्न तिच्या शरीराचा: कुठे दुखतंय का, पोटभर जेवतेस ना, सरावाला जायला भीती तर वाटत नाही ना? ती "हो, वाटते," म्हणाली तर कागद बाजूला ठेवा आणि तिचं शेवटपर्यंत ऐकून घ्या. सराव चालतो तिथे एकदा स्वतः जाऊन बसा. खाली जाड गादी आहे का, मुलींशी कोण कसं बोलतं, ते बघा. पालकांना बसू देत नसतील, तर का ते विचारा. एकटीला जायला संकोच वाटत असेल, तर गटातल्या दोघी-तिघी मिळून जा.

गटाच्या पुढच्या बैठकीत ज्यांच्या मुली खेळतात त्यांना हे नक्की सांगा.