पकडा, पण खाऊ नका: ग्रासी नॅरोजचा मासा

आज आपण जाणार आहोत कॅनडात, ऑन्टारिओच्या वायव्य कोपऱ्यात. इंग्लिश आणि वाबिगून या नद्यांच्या वाटेवर इथे तळीच तळी आहेत. बॉल लेकवरच्या लॉजवर पाहुणे यायचे ते पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानातून. यायचे कशाला? गळ टाकायला.

इथले दोन मासे फेमस. पाईक लांबुडका, दात इतके धारदार की पिसांची नकली माशी बांधताना दोरीच्या टोकाला तार लावावी लागते, नाहीतर दोरीच तोडतो. दुसरा वॉलआय, काचेसारखे चमकणारे डोळे, शिकार अंधुक उजेडात. मासा कुठे सापडेल हे सांगायचे ग्रासी नॅरोजचे अनिशिनाबे वाटाडे. दुपारी काठावर चूल पेटवून ताजा वॉलआय तळायचा आणि पाहुण्यांसोबत खायचा, ही पद्धतच होती. त्यांच्या घरीही रोज तोच मासा.

नदीच्या वरच्या अंगाला ड्रायडन गावात कागदाची गिरणी होती. लगदा पांढरा करायला क्लोरीन लागतो, आणि तो बनवणाऱ्या कारखान्यात पारा वापरायचे. 1962 ते 1970 या काळात सुमारे 9,000 किलो पारा नदीत गेला. तळाच्या गाळातले जिवाणू त्याचा मिथाइल पारा करतात. तो किड्यांत, मग छोट्या माशांत, मग मोठ्या माशांत साठत जातो. साखळीच्या टोकाला कोण? पाईक आणि वॉलआय. हा पारा मांसातच बसतो. तळा नाहीतर उकडा, जात नाही.

नॉरव्हाल्ड फिम्राइट या संशोधक विद्यार्थ्याने माशांतला पारा मोजला आणि 1970 मध्ये व्यापारी मासेमारी बंद झाली. बॉल लेकचे मालक बार्नी लॅम यांनी लॉजच बंद केला. वाटाड्यांचा रोजगार गेला. हौशी मासेमारी मात्र चालूच राहिली: मजेसाठी पकडा, खाऊ नका!

मला खटकतं ते इथेच. आम्ही सॉफ्टवेअरवाले ‘सरासरी युजर’ धरून डिझाइन करतो, आणि सगळ्यात जास्त वापरणाराच त्यात सुटतो. पाहुणा आठवडाभर मासा खाऊन घरी जातो. वाटाड्या वर्षभर खातो, त्याची मुलंही खातात. ज्याचं पोट माशावर आहे, त्याला ‘खाऊ नका’ म्हणणं म्हणजे सल्ला नव्हे, हातावर तुरी देणं झालं.

1975 मध्ये जपानचे डॉ. मासाझुमी हाराडा इथे आले. मिनामाताचे रुग्ण त्यांनी वर्षानुवर्षं तपासले होते. हातापायांना बधिरपणा, आक्रसलेली नजर, जाणारा तोल... ओळखीचीच लक्षणं त्यांना इथे दिसली. ग्रासी नॅरोज आणि शेजारचं व्हाइटडॉग यांना भरपाई ठरली 1985 मध्ये, सुमारे 1 कोटी 67 लाख कॅनेडियन डॉलर. नदी साफ करायला ऑन्टारिओ सरकारने 8.5 कोटी डॉलर कबूल केले ते थेट 2017 मध्ये.

पारा टाकायला आठ वर्षं लागली. तो काढायचा नुसता शब्द मिळायला सत्तेचाळीस. हा हिशेब लक्षात ठेवा. भेटू पुढच्या भागात!