फी आधी, कॉलेज मग

संपादक मंडळाचा फोन आला तेव्हा "अमेरिकेबद्दल काहीतरी लिही" एवढीच सूचना होती. बर्फ, पानगळ आणि इथला गणेशोत्सव यांवर परदेशातली बाकीची मंडळी लिहितीलच. मी फीबद्दल लिहिणार आहे. आपल्या १९९६ च्या दहावीच्या बॅचमधले निम्मे जण सध्या मुलांच्या फीच्या काळजीत आहेत, हे आपला व्हॉट्सअॅप ग्रुप वाचणाऱ्या कुणालाही सांगायला नको.

२००६ साली मला डेट्रॉइटजवळ नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालं होतं. शेजारच्या टेबलावरचे एक वडीलधारे सहकारी डबा खाता खाता म्हणाले, "या सप्टेंबरात मुलगी कॉलेजला जाते. तिची फी मी १९८८ सालीच भरली, ती पाळण्यात होती तेव्हा." मला वाटलं, माझं इंग्रजी कमी पडतंय. पण ते खरंच होतं. त्यांनी ६,७५६ डॉलर एकरकमी भरले होते आणि त्या बदल्यात राज्यातल्या कोणत्याही सरकारी विद्यापीठाची चार वर्षांची फी मिळणार होती. २००६ मध्ये मिशिगन विद्यापीठाची, राज्यातल्या मुलांसाठीची एका वर्षाची फीच साडेनऊ हजार डॉलरच्या पुढे होती. मग मधला फरक कोण भरणार? हा प्रश्न तेव्हा डोक्यात शिरला तो अजून गेलेला नाही. त्यापायी वाचलेला इतिहास इथे सांगते.

१९८० च्या दशकात अमेरिकेत कॉलेजची फी महागाईपेक्षा वेगाने वाढत होती. १९८५ मध्ये पिट्सबर्गच्या ड्युकेन या खासगी विद्यापीठाने एक युक्ती काढली. आईबापांनी मूल लहान असतानाच पैसे द्यायचे, विद्यापीठाने ते रोख्यांत गुंतवायचे आणि मूल मोठं झालं की फी माफ. पण रोख्यांवरचे व्याजदर उतरले, फी चढतच राहिली आणि १९८८ मध्ये विद्यापीठाला नवीन नोंदणी थांबवावी लागली. एखाद्या कॉलेजाला हा भार पेलत नाही, हे तीन वर्षांतच कळलं.

तोवर मिशिगनचे गव्हर्नर जेम्स ब्लँचर्ड यांनी ही कल्पना राज्यपातळीवर उचलली होती. मोटारींच्या मंदीने पोळलेलं राज्य. कामगाराच्या मुलाला कॉलेज परवडेल की नाही, ही धास्ती घरोघरी. १९८६ च्या अखेरीस 'मिशिगन एज्युकेशन ट्रस्ट'चा कायदा झाला आणि १९८८ मध्ये विक्री सुरू झाली. लोकांनी अक्षरशः उड्या टाकल्या. पहिल्या तीन वर्षांत ५० हजारांहून जास्त करार झाले. फ्लोरिडाने १९८७ मध्ये असाच कायदा केला आणि त्यांची योजना पुढे देशात सर्वांत मोठी झाली.

आता यातलं गणित. आपल्या गणिताच्या सरांना हे आवडलं असतं. आज किती रक्कम घ्यायची, हे दोन आकड्यांवर ठरतं: पुढची अठरा वर्षं फी दरवर्षी किती टक्के वाढेल आणि गुंतवणूक किती टक्के कमावेल. दोन्ही आकडे भविष्यातले, म्हणजे दोन्ही अंदाज. फी एखाद-दोन टक्के जास्त वाढली, तरी अठरा वर्षांच्या चक्रवाढीत केवढा खड्डा पडतो, ते आपण नववीतच शिकलो होतो. शिवाय फी ठरवणारी विद्यापीठं वेगळी आणि वचन देणारा ट्रस्ट वेगळा. माझ्या धंद्यात अशा प्रोग्रॅमला कुणी मंजुरी देणार नाही. आणखी एक गोम अशी की, मिशिगनच्या कायद्यात हे वचन राज्याच्या तिजोरीच्या हमीचं नव्हतं. ट्रस्टकडे असतील तेवढेच पैसे.

त्यातच आयकर खात्याने ट्रस्टच्या कमाईवर केंद्राचा कर लावला. नवे गव्हर्नर आले, पहिले करार फार स्वस्तात विकले गेले अशी ओरड झाली आणि विक्री थांबली. ट्रस्ट कोर्टात गेला, १९९२ मध्ये हरला, पण १९९४ मध्ये अपिलात जिंकला: ट्रस्ट हा राज्य सरकारचाच भाग आहे, त्यावर कर नाही. १९९५ मध्ये विक्री पुन्हा सुरू झाली. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९९६ मध्ये, म्हणजे आपण अकरावीत नुकतेच बसलो होतो तेव्हा, अमेरिकी संसदेने लघुउद्योगांच्या एका कायद्यात आयकराचं ५२९ वं कलम घातलं. त्यावरून या सगळ्या योजनांना आज 'फाइव्ह ट्वेंटी-नाइन' म्हणतात.

या कलमाने दोन दारं उघडली. एक आगाऊ फीचं, दुसरं साध्या बचत खात्याचं. बचत खात्यात पैसे म्युच्युअल फंडात जातात. वाढले तर तुमचे, बुडाले तरी तुमचेच. २००१ च्या कायद्याने शिक्षणासाठी काढलेल्या वाढीवरचा कर माफ केला, २००६ मध्ये ती माफी कायम झाली, आणि मग बचत खातीच फोफावली. राज्यांनाही तेच सोयीचं होतं, कारण फी कितीही वाढली तरी जोखीम आईबापांची.

आगाऊ फीच्या वचनांचं पुढे काय झालं? टेक्सासने १९९७ मध्ये मतदारांचा कौल घेऊन हमी थेट राज्यघटनेत घातली. पण २००३ मध्ये विधिमंडळाने विद्यापीठांना फी ठरवण्याची मोकळीक दिली आणि त्याच वर्षी योजनेची दारं नव्या लोकांना बंद झाली. अलाबामाची गोष्ट जास्त जिवाला लागते. तिथे १९९० पासूनचा फंड शेअर बाजारात बराच गुंतला होता. २००८ च्या पडझडीत तो जवळजवळ निम्मा झाला. हजारो घरांनी "मुलाची फी भरून झाली" म्हणून दुसरी बचतच केलेली नव्हती. २०१० मध्ये विधिमंडळाने अनेक वर्षांत मिळून ५४ कोटी डॉलरहून अधिक रक्कम मंजूर केली, तरी पुरेना. खटले चालले आणि शेवटी तडजोड झाली की, फंड २०१० सालच्या दरानेच फी देईल, वरचं घरच्यांनी भरावं. वॉशिंग्टन राज्यात तर उलटंच घडलं. २०१५ मध्ये सरकारने फी चक्क कमी केली आणि आगाऊ भरणारेच चक्रावले. दोन वर्षं विक्री बंद ठेवावी लागली.

ही सवलत मुख्यतः कुणाच्या पदरात पडते, हेही सांगायला हवं. ज्याच्याकडे आज शिल्लक आहे, त्याच्या. २०१५ च्या जानेवारीत अध्यक्ष ओबामांनी या खात्यांच्या वाढीवर पुन्हा कर लावायचा प्रस्ताव मांडला. मध्यमवर्गाने एवढा गदारोळ केला की काही दिवसांतच तो मागे घ्यावा लागला. माझ्यासारखी माणसंच ओरडत होती, आणि मीही त्यात होते.

हे वाचताना मला सारखा १९९८ चा जून आठवायचा. तुम्हाला आठवत असेल, तेव्हा इंजिनिअरिंगला फ्री सीट आणि पेमेंट सीट असायची. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली, मग देणग्यांचा बाजार झाला आणि १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उन्नीकृष्णन खटल्यात तोडगा काढला: निम्म्या जागा सरकारी फीच्या, निम्म्या जास्त फीच्या, आणि दुसऱ्यांच्या पैशांतून पहिल्यांचा खर्च निघणार. २००२ मध्ये न्यायालयानेच ही पद्धत मोडीत काढली. पण त्या मधल्या वर्षांत यादीतला एकेक मार्क म्हणजे बापाच्या कित्येक महिन्यांचा पगार होता.

मला फ्री सीट मिळाली. आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीला पीसीएममध्ये माझ्याहून तीन मार्क कमी होते आणि तिच्या वाट्याला पेमेंट सीट आली. गणितात ती माझ्या कितीतरी पुढे होती, हे सर सांगतील. तिच्या वडिलांनी दोन दिवस मागून घेतले, मग ती बी.एस्सी.ला गेली. आज ती आपल्याच शाळेत गणित शिकवते. माझी चार वर्षांची फी पलीकडच्या बाकावरच्या पेमेंट सीटवाल्यांच्या वडिलांनी भरली होती, हे मला मिशिगनचा हिशेब वाचताना पहिल्यांदा कळलं. तोवर मी ते माझ्या मार्कांचं बक्षीस समजत होते.

आमची लेक २००८ ची. तेव्हा डेट्रॉइटच्या मोटार कंपन्या बुडायला आल्या होत्या, नवऱ्याची नोकरी गेली होती आणि तिच्या बचत खात्यात टाकलेले पहिले पैसे डोळ्यांदेखत आटत होते. २०१० मध्ये घर जरा सावरल्यावर आम्ही ट्रस्टकडून दोन वर्षांची फी विकत घेतली आणि बाकीचं बचत खात्यात चालू ठेवलं. अलाबामाच्या बातम्या तेव्हा रोज येत होत्या, त्यामुळे चारही वर्षं वचनावर टाकायची हिंमत झाली नाही.

लेक आता कॉलेजच्या उंबरठ्यावर आहे. मागच्या महिन्यात हे सगळं मी त्या मैत्रिणीला फोनवर सांगितलं. दोन सेमिस्टरची फी कशी, व्याज किती, सगळं तिने नीट विचारून घेतलं. मग म्हणाली, "हे आमच्या दहावीच्या मुलांना चक्रवाढीला छान उदाहरण आहे, आकडे पाठव." संमेलनाला येताना करार आणतेय. आपल्या संचयिकेचं पासबुकही सापडलंय. त्यात अकरा रुपये शिल्लक आहेत. ते मी शाळा सोडताना काढलेच नव्हते. सर, ते कुठे गेले?