छपराच्या परवान्याची कुळकथा

मृगाआधी घर शाकारणं हे कोकणातलं दरवर्षीचं काम. फुटकी कौलं उतरवायची, कुजलेल्या रिपा बदलायच्या, पन्हाळी झाडायच्या. त्यासाठी कुणी कचेरीची पायरी चढत नाही. पण त्याच घरावर कौलांच्या जागी पत्रे आले किंवा स्लॅब पडला, की नोटीस येऊ शकते. शाकारणी कुठे संपते आणि बांधकाम कुठे सुरू होतं, ही रेघ एका दिवसात आखली गेलेली नाही. तिच्यामागे दोनशे वर्षांच्या निरनिराळ्या धास्ती आहेत.

पहिली धास्ती आगीची. फेब्रुवारी 1803 मध्ये मुंबईच्या कोटात लागलेल्या आगीने दाट वस्तीचा मोठा भाग बेचिराख केला. दाट वस्तीत एकाचं छप्पर पेटलं की आळी पेटते, हे शहरांना असंच कळत गेलं. 1888 च्या मुंबई महापालिका कायद्याने गवत, पानं, चटया, कापड असल्या जळाऊ वस्तूंचं छप्पर आयुक्तांच्या लेखी परवानगीवाचून घालायला मनाई केली. म्हणजे तेव्हा परवानगी लागायची ती गवताला; कौल हा सुरक्षित माल. त्याच सुमारास मंगळुरी कौल पश्चिम किनाऱ्यावर पसरत होतं. बाझेल मिशनने मंगळूरला त्याचा कारखाना 1865 मध्ये काढला होता.

असे नियम मुंबईबाहेर कसे पोचले, ते पनवेलवरून दिसतं. पनवेल हे खाडीकाठचं जुनं व्यापारी गाव. 1850 च्या कायद्याने गावांना आपली नगरपालिका स्थापण्याची मुभा दिली आणि पनवेलची नगरपालिका आपली स्थापना 1852 ची सांगते. राज्यातल्या सर्वांत जुन्या नगरपालिकांत तिची गणना होते. मात्र त्या कायद्याचा भर रस्ते, सफाई आणि दिवाबत्तीवर होता. घर कसं बांधावं यात सरकारने लक्ष घातलं ते पुढच्या कायद्यांतून.

दुसरी धास्ती घर कोसळण्याची. जुनी घरं लाकडी खांबांवर उभी. भिंत नुसता आडोसा, भार खांबांवर. 1888 च्या कायद्याने हे नेमकं हेरलं. छप्पर पेलणारी भिंत निम्म्याहून अधिक काढून पुन्हा बांधायची असेल, किंवा लाकडी सांगाड्याच्या घरात अशा भिंतीतले निम्म्याहून अधिक खांब बदलायचे असतील, तर आधी आयुक्तांना कळवायचं. हीच तरतूद पुढे 1949 च्या प्रांतिक महानगरपालिका अधिनियमात आली आणि पनवेलला आज लागू आहे तो हाच अधिनियम. कौलं किती बदलली याचा हिशेब त्यात नाही; मोजले जातात ते खांब आणि भिंती.

मध्येच एक उलटा प्रकार घडला. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा ऊन-वारा आत यावा म्हणून प्लेगचे कर्मचारी स्वतःच घरांवरची कौलं उतरवू लागले. घरमालकाने खांब-भिंतींना हात लावायचा तर कळवायचं, आणि सरकारने छपरालाच हात घातला तर तो आरोग्याचा उपाय.

तिसरी धास्ती चटईक्षेत्राची, आणि आजचे बहुतेक वाद तिच्यातून येतात. कायद्यात जमीन मोजून मजले ठरू लागले, तसं छप्पर हा संभाव्य मजला बनला. उतरतं छप्पर सपाट केलं की गच्ची मिळते, गच्चीवर पत्रे चढले की खोली. 1966 च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाने परवानगीतून सूट दिली ती घराच्या आतल्या किंवा बाहेरचं रूप फारसं न पालटणाऱ्या दुरुस्तीला. मुंबईच्या कायद्यात पुढे आणखी स्पष्ट लिहिलं गेलं: त्याच मालाचं छप्पर बदलणं ही किरकोळ दुरुस्ती, छप्पर सपाट करणं किंवा वेगळ्या मालाने दुरुस्त करणं तशी नव्हे. 1991 च्या मुंबई नियमावलीने गच्चीवरच्या पावसाळी आडोशाला तात्पुरत्या बांधकामांत जागा दिली, पण फक्त पावसाळ्यापुरती.

1 ऑक्टोबर 2016 ला पनवेल महानगरपालिका झाली आणि नगरपरिषदेसोबत आसपासची 29 गावं तिच्यात आली. या गावांत तोवर घर पुन्हा बांधायचं तर 1958 च्या कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीची परवानगी लागे. घरं तीच राहिली, कचेरी बदलली. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि जिल्ह्यात हजारो छपरं उडाली. पाऊस तोंडावर असताना घरावर मिळेल तो पत्रा चढवणाऱ्याला कौल आणि पत्रा यांतला कायदेशीर फरक आठवणं शक्य नव्हतं.

म्हणून छपराला हात लावण्याआधी प्रत्येक धास्तीचा एक प्रश्न स्वतःला विचारावा. माल तोच आहे का? भार पेलणारे खांब आणि भिंती जागेवर राहतात का? उंची आणि उतार तेच आहेत का? तिन्हींना हो म्हणता आलं तर ती शाकारणी. एकालाही नाही म्हणावं लागलं, तर गवंड्याला आगाऊ रक्कम देण्याआधी नगररचना विभागाकडून उत्तर लेखी घ्यावं. तोंडी होकार नोटिशीपुढे टिकत नाही.