राहून गेलेली नोंद

नोंदवहीशी आपले नाते फार जुने आहे. मूल जन्मले की काही दिवसांतच देवळातील वहीत त्याचे नाव शाईने लिहिले जाते. आईबापाचे नाव, धर्ममातापित्यांचे नाव, तारीख आणि धर्मगुरूंची सही. पुढे पन्नास वर्षे त्या पानाची कुणाला आठवण होत नाही. मग एके दिवशी पासपोर्टसाठी वा वारसाहक्कासाठी दाखला काढण्याची वेळ येते आणि ध्यानात येते की आडनावातील एक अक्षर चुकले आहे, किंवा बाप्तिस्म्याची तारीखच जन्मतारीख म्हणून पडली आहे. तेथून धावपळ सुरू होते. प्रतिज्ञापत्र करावे लागते, जुने साक्षीदार शोधावे लागतात. साक्षीदारांपैकी कोणी हयात नसतात, कोणाला आठवत नसते. माणूस धडधाकट समोर उभा असतो, पण कागद त्याला ओळखत नाही.

हाच अनुभव दूरदेशी अमेरिकेत हजारो माजी सैनिकांच्या वाट्याला आला आहे. ज्या रणभूमीवर त्यांनी रक्त सांडले, तिचा उल्लेख सेवामुक्तीच्या दाखल्यावर नाही. जे पदक छातीवर असायला हवे होते, त्याची नोंदच कुणी केलेली नाही. उतारवयात हे सैनिक, आणि त्यांच्या पश्चात त्यांच्या विधवा व मुले, सरकारकडे अर्ज करतात की आमची नोंद दुरुस्त करा. या अर्जांचा इतिहास आपण थोडा उलगडून पाहू या. वरवर पाहता हा कागदांचा इतिहास आहे. वास्तविक तो कृतज्ञतेचा इतिहास आहे.

नोंदी राहतात कशा?

पदक राहून जाण्याची कारणे बहुधा अगदी साधी असतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मोहिमांच्या पदकांच्या बहुधा नुसत्या रंगीत फिती दिल्या जात. धातूची पदके युद्धानंतर तयार झाली. तोवर सैनिक गावी परतून नांगराला किंवा कारखान्याला जुंपले गेले होते. १९४५ मध्ये लाखो सैनिकांना एकदम घरी पाठवायचे होते. रांगा लांबलचक होत्या आणि टंकलेखन करणारे कारकून थकलेले होते. घरी जाण्यासाठी उतावीळ झालेला पोरगा दाखल्यावर सही करी; त्यावर काय लिहिले आहे आणि काय राहिले आहे, हे तपासायला तो थांबत नसे.

काही पदके तर सैनिक घरी गेल्यानंतर जन्माला आली. महायुद्धात प्रत्यक्ष लढून पायदळाचे लढाऊ बोधचिन्ह मिळवणाऱ्यांना ब्राँझ स्टार हे पदकही द्यावे, असा निर्णय १९४७ मध्ये झाला. मात्र ते मागून घ्यावे लागे, आणि ही गोष्ट अनेकांना आयुष्यभर कळलीच नाही. युद्धकैद्यांसाठीचे पदक १९८५ च्या कायद्याने अस्तित्वात आले. कोरियाच्या सरकारने १९५१ मध्ये देऊ केलेले युद्धसेवा पदक स्वीकारायला अमेरिकेने १९९९ साल उजाडू दिले.

बारा जुलैची आग

या दिरंगाईत एका आगीची भर पडली. सेंट लुईस शहराजवळ ओव्हरलँड येथे सैनिकांची सेवापुस्तके जतन करणारी सरकारी दप्तराची मोठी इमारत होती. १२ जुलै १९७३ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, तिच्या सहाव्या मजल्यावर आग लागली. त्या विस्तीर्ण दालनांत पाण्याचे फवारे नव्हते आणि आग अडवणाऱ्या भिंतीही नव्हत्या. आग पुरती विझायला साडेचार दिवस लागले. एक कोटी साठ लाख ते एक कोटी ऐंशी लाख सैनिकांची दप्तरे नष्ट झाली. १९१२ ते १९६० या काळात भूदलातून सेवामुक्त झालेल्यांची सुमारे ऐंशी टक्के कागदपत्रे त्यात गेली. त्यांच्या दुसऱ्या प्रती काढलेल्या नव्हत्या, सूक्ष्मचित्रे घेतलेली नव्हती, आणि काय जळाले हे सांगणारी सूचीही नव्हती. म्हणजे दोन महायुद्धांतील आणि कोरियातील सैनिकांचा सरकारी पुरावा एका आठवड्यात राखेस मिळाला.

जे वाचले ते पाण्याने भिजलेले होते, त्याला बुरशी लागण्याची भीती होती. ते जपून सुकवण्यात आले. ज्यांचे काहीच वाचले नाही त्यांच्यासाठी पगाराच्या पावत्या, तुकड्यांचे रोजचे हजेरी अहवाल, इस्पितळातील दाखल्यांच्या नोंदी अशा तुकड्यातुकड्यांतून माणूस पुन्हा उभा करण्याचे काम सुरू झाले, आणि ते अनेक दशके चालले आहे. एखाद्या म्हाताऱ्याला पायातील गोळीची खूण दाखवता येते, पण तो त्या दिवशी त्या तुकडीत हजर होता हे हजेरी अहवालानेच सिद्ध व्हावे लागते.

दुरुस्तीचा दरवाजा

पूर्वी अशी चूक सुधारायची तर थेट काँग्रेसमध्ये, म्हणजे तेथील संसदेत, एकेका माणसासाठी खाजगी विधेयक आणावे लागे. ज्याची ओळख त्याचे काम होई. १९४६ च्या कायद्याने ही प्रथा बंद केली आणि सैनिकी नोंदी दुरुस्त करण्याचा अधिकार त्या त्या सेनादलाच्या नागरी मंडळाकडे सोपवला. गणवेशातील अधिकाऱ्यांनी केलेल्या नोंदीची चूक बिनगणवेशाच्या माणसांनी तपासावी, ही त्यातील मेख लक्षात घेण्यासारखी आहे. ‘चूक किंवा अन्याय’ आढळला तर मंडळ नोंद बदलू शकते. अर्ज चूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत करावा असा नियम आहे; मात्र न्यायाच्या दृष्टीने आवश्यक वाटल्यास मुदत माफ करता येते. पुराव्याचा भार अर्जदारावर असतो. कायद्याने दरवाजा ठेवला, परंतु तो ढकलायला किती बळ लागते हे पुढील हकीकतीवरून कळेल.

तंबाखूच्या शेतातील शिपाई

गार्लिन कॉनर हे केंटकी राज्यातील क्लिंटन परगण्याचे शेतकरी. उंचीने बेताचे, अंगाने सडपातळ. तिसऱ्या पायदळ डिव्हिजनमधून ते आफ्रिका, इटली व फ्रान्समध्ये लढले. २४ जानेवारी १९४५ रोजी फ्रान्समधील हूसाँ गावाजवळ जर्मनांनी सहा रणगाडे आणि सुमारे सहाशे सैनिकांनिशी हल्ला चढवला. कॉनर त्या वेळी खरे तर कमरेच्या जखमेमुळे इस्पितळात असायला हवे होते. तेथून निघून ते आपल्या तुकडीकडे परतले होते. टेलिफोनची तार ओढत ते आपल्या फळीच्या पुढे धावले आणि एका उथळ खळग्यात पडून राहिले. तेथून तब्बल तीन तास त्यांनी आपल्या तोफांना दिशा दिली. शत्रू अगदी अंगावर आला तेव्हा त्यांनी स्वतःच्याच जागेवर तोफा डागायला सांगितले. हल्ला परतवला गेला.

या पराक्रमासाठी त्यांना डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस हे दुसऱ्या क्रमांकाचे शौर्यपदक मिळाले. दोनच दिवसांनी त्याच डिव्हिजनचे ऑडी मर्फी यांनी तेथून जवळच गाजवलेल्या पराक्रमाला मेडल ऑफ ऑनर हे सर्वोच्च पदक मिळाले, आणि पुढे मर्फी चित्रपटांतून जगभर पोहोचले. कॉनर मात्र गावी परतले. गावाने मिरवणूक काढली, पॉलीन नावाच्या मुलीशी लग्न झाले, आणि तंबाखूची शेती सुरू झाली. शेतकऱ्यांच्या स्थानिक संघटनेचे ते सतरा वर्षे अध्यक्ष होते. इतर माजी सैनिकांना निवृत्तिवेतन मिळावे म्हणून नवराबायको दोघेही धडपडत. स्वतःची पदके मात्र घरातल्या एका पिशवीत पडून होती.

१९९० च्या दशकाच्या मध्यात एक माजी सैनिक आपल्या युद्धात पडलेल्या मामाची माहिती शोधत कॉनर यांच्या दारी आला. आजारपणामुळे कॉनर फारसे बोलू शकत नव्हते. पॉलीनबाईंनी ती पिशवी पुढे केली. तिच्यातील पदके आणि कागद पाहून पाहुणा थक्क झाला. या माणसाला सर्वोच्च पदक कसे मिळाले नाही, या प्रश्नाने त्याची पाठ सोडली नाही. कॉनर यांच्या नावाने दुरुस्तीचा अर्ज गेला. १९९७ मध्ये मंडळाने तो फेटाळला. १९९८ मध्ये कॉनर वारले. २००० मध्ये मंडळाने पुन्हा नकार दिला.

इथे कुणीही थांबले असते. पॉलीनबाई थांबल्या नाहीत. त्या लढाईचे तीन प्रत्यक्ष साक्षीदार आणि त्यांची निवेदने पुढे मिळाली. युद्धात कॉनर यांचे वरिष्ठ असलेले आणि नंतर मेजर जनरल झालेले लॉइड रॅम्झी यांनीही पाठिंबा दिला. पण आता मुदत टळली होती. प्रकरण न्यायालयात गेले. २०१४ मध्ये न्यायाधीशांनी कॉनर यांच्या सेवेचा गौरव केला, परंतु अर्जाला उशीर झाल्याचे सांगून हात वर केले. वरच्या न्यायालयात मध्यस्थी झाली, प्रकरण मंडळाकडे परत आले, आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये मंडळाने अखेर होकार दिला. २६ जून २०१८ रोजी व्हाइट हाउसमध्ये नव्वदीच्या उंबरठ्यावरील पॉलीनबाईंच्या हाती पतीचे मेडल ऑफ ऑनर आले. बावीस वर्षांचा हा खटाटोप होता. त्यात धन मिळवायचे नव्हते. एका ओळीची दुरुस्ती करायची होती.

कातडीचा रंग आणि शाईचा रंग

कॉनर यांच्या बाबतीत घाई आणि मुदत आडवी आली. काहींच्या बाबतीत त्याहून काळी गोष्ट आडवी आली. दुसऱ्या महायुद्धासाठी चारशेहून अधिक मेडल ऑफ ऑनर देण्यात आली. त्यांत त्या काळी एकही कृष्णवर्णीय नव्हता. लेफ्टनंट व्हर्नन बेकर यांनी ५ आणि ६ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील व्हियारेज्जो शहराजवळ शत्रूची मशीनगनची ठाणी एकामागून एक उद्ध्वस्त केली होती. १९९३ मध्ये सेनेने शॉ विद्यापीठाकडे या प्रश्नाचा अभ्यास सोपवला. त्यानंतर १३ जानेवारी १९९७ रोजी सात कृष्णवर्णीय वीरांना ते पदक देण्यात आले. त्या सातांपैकी एकटे बेकर ते घेण्यासाठी जिवंत होते.

येथे आम्हांला आपल्याकडील एक नाव आठवल्यावाचून राहत नाही. बेकर यांच्या लढाईनंतर अवघ्या तीन-चार दिवसांनी, ९ एप्रिल १९४५ रोजी, त्याच इटलीत सेनियो नदीवर मराठा लाइट इन्फंट्रीचे शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमी सोबत्यांना गोळीबारातून उचलून आणले आणि मग शत्रूची तीन ठाणी बंद पाडली. हात जखमी झाल्यावर बंदूक टाकून ते हातगोळ्यांनी लढले. त्यांचा व्हिक्टोरिया क्रॉस त्याच वर्षी जाहीर झाला. परक्या राजवटीनेही एका मराठी शिपायाची नोंद वेळेवर केली, आणि स्वतंत्र देशाने आपल्याच नागरिकाला बावन्न वर्षे ताटकळत ठेवले. इतिहास असा सरळ रेषेत चालत नाही.

फादर कपाउन

अशा नोंदींत एका धर्मगुरूचेही नाव आहे. फादर एमिल कपाउन यांचा जन्म १९१६ मध्ये कॅन्सस राज्यातील पिल्सन या खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी झाला. १९४० मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. महायुद्धाच्या अखेरीस लष्करी धर्मगुरू म्हणून ते ब्रह्मदेश-हिंदुस्थान आघाडीवर होते, म्हणजे आपल्या भूमीलाही त्यांचे पाय लागले आहेत. नोव्हेंबर १९५० मध्ये कोरियातील उन्सान येथे त्यांची तुकडी वेढली गेली. निसटण्याची संधी असूनही ते जखमींजवळ थांबले. घोटा मोडलेल्या सार्जंट हर्बर्ट मिलर यांच्या डोक्यावर एका चिनी सैनिकाने बंदूक रोखली होती. फादरांनी ती बाजूला ढकलली आणि मिलर यांना पाठुंगळी घेतले.

प्योकटाँगच्या कैदी छावणीत त्यांनी उपाशी कैद्यांसाठी अन्न चोरले आणि त्यासाठी पश्चात्तापी चोर संत दिस्मस याची मध्यस्थी मागितली. पत्रे ठोकून त्यांनी भांडी केली, पाणी उकळून आजाऱ्यांना पाजले, त्यांचे कपडे धुतले. १९५१ च्या ईस्टरला त्यांनी उघड्यावर प्रार्थना चालवली. २३ मे १९५१ रोजी त्यांना मरण आले. तेव्हा ते पस्तीस वर्षांचे होते.

सुटून आलेल्या कैद्यांनी फादरांना विसरू दिले नाही. त्यांत कॅथलिक होते, प्रॉटेस्टंट होते, यहुदीही होते. फादरांना कधीही न भेटलेल्या एका यहुदी कैद्याने, केवळ त्यांच्याविषयी ऐकून, छावणीत त्यांच्या स्मरणार्थ लाकडी क्रूस कोरला. फादरांना मिळालेले डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस पुरेसे नाही, ही साक्ष ते म्हातारे होईपर्यंत देत राहिले. ११ एप्रिल २०१३ रोजी मेडल ऑफ ऑनर त्यांच्या पुतण्याने स्वीकारले; मिलर त्या समारंभाला उपस्थित होते. अनोळखी म्हणून हवाई बेटावर पुरलेले फादरांचे अवशेष मार्च २०२१ मध्ये ओळखले गेले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये विचिटा येथे त्यांचा अंत्यविधी झाला. २०२५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना ‘वंदनीय’ म्हणून घोषित करण्यास मान्यता दिली. येथेही साक्षी आणि कागद लागलेच. संतपदाची वाटही नोंदवहीतूनच जाते.

केरसुणी आणि दिवा

प्रभू येशूने सांगितलेल्या दाखल्यातील ती स्त्री आपण जाणतो. दहा नाण्यांपैकी एक हरवले, तर तिने दिवा लावला आणि सगळे घर झाडून काढले. नऊ शिल्लक आहेत ना, असे म्हणून ती स्वस्थ बसली नाही. पॉलीनबाईंनी हेच केले, आणि फादर कपाउन यांच्या सोबत्यांनीही. लक्षात घ्या, या हकीकतींत ज्याचे पदक राहिले तो स्वतः सहसा मागत नाही. कॉनर यांची पिशवी बंदच होती, आणि फादर तर केव्हाच गेले होते. मागतो तो ज्याच्यावर उपकार झाला तो, किंवा ज्याने प्रेम केले तो.

आपल्याही घरांत जुन्या पेट्या आहेत. त्यांत कुणाचे नोकरीचे पत्र असेल, कुणाचा जहाजावरील दाखला, कुणाचे लष्करातील पदक, कुणाचा नुसताच नाव न लिहिलेला फोटो. आज घरातील वडीलधारी मंडळी सांगू शकतात की तो कोण आणि त्याने काय केले. दहा वर्षांनी सांगणारे कोणी उरेलच असे नाही. तेव्हा एखाद्या रविवारी मिस्साहून आल्यावर ती पेटी उघडावी, आजीआजोबांना शेजारी बसवावे, आणि फोटोच्या मागे पेन्सिलीने नाव व साल लिहून ठेवावे. ज्याची नोंद वेळेवर होते, त्याच्या विधवेला न्यायालयाची पायरी चढावी लागत नाही.