सोमवारचा दमा



मी डॉक्टर नाही. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण कामगारांचे अर्ज लिहिता लिहिता आणि रात्री पुस्तके वाचून झाले. तरीही दम्याविषयी बोलायला उभा आहे, कारण या दम्याचा इतिहास प्रथम कामगारांनीच सांगितला.

आपल्या कवठे महांकाळच्या दुष्काळी मुलखातून माणसे पोटासाठी मुंबईच्या गिरण्यांत गेली. त्या गिरण्यांत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांची संघटना उभारली आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मिळवली. ही गोष्ट ध्यानात ठेवा. सुटी आणि हा दमा यांचे नाते आहे.

माझे वडील कार्डिंग खात्यात होते. सोमवारी पाळीवरून आले की छातीवर पाटा ठेवल्यासारखे होई. बुधवारपर्यंत उतार पडे. मुकादम म्हणे, “रविवारची चैन अंगावर आली.” वडील ऐकून घेत; उत्तर त्यांच्यापाशी नव्हते.

उत्तर मात्र जुने होते. बेल्जममधल्या गेंट शहरात मारेस्का व हेमान या डॉक्टरांनी १८४५ साली कापूस गिरण्यांतल्या कामगारांना विचारले, तेव्हा तेही हेच म्हणाले, की धुळीचा त्रास सोमवारी-मंगळवारी अधिक होतो. या रोगाला बिसिनोसिस म्हणतात.

आता छातीत घडते काय? श्वासनळ्यांभोवती स्नायूंचे वेढे असतात. हाताची मूठ आपण ठरवून आवळतो. हे वेढे आपल्या हुकमात नाहीत. मेंदूकडून येणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू त्यांना आवळतो. पण निरोप पोचतो कसा? १९२१ साली ऑस्ट्रियात ऑटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयाचा व्हेगस चेतवला, हृदय मंदावले. त्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयाला दिला, तर तेही मंदावले! म्हणजे मज्जातंतूच्या टोकाशी एक रसायन सुटते. ते ॲसिटिलकोलीन. श्वासनळीच्या स्नायूला तेच आवळायला लावते. लोवी आणि हेन्री डेल यांना १९३६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्याकडे दम्याला धोतऱ्याचा धूर देत. धोतऱ्यातले ॲट्रोपीन ॲसिटिलकोलीनची वाट अडवते आणि वेढा सैल होतो. अर्थात धोतरा विष आहे. घरी प्रयोग करू नये. रक्तातले ॲड्रेनॅलीनही वेढा सैल करते. दम्याच्या आजच्या पंपांतली कित्येक औषधे याच दोन वाटांनी जातात. उलट पेशींतून सुटणारे हिस्टामीन वेढा आवळते.

कापसाच्या धुळीत जंतूंचे विषारी अंश असतात. ते श्वासनळीच्या अस्तराला डिवचतात, पेशींतून रसायने सुटतात, मज्जातंतू चेततात, वेढा आवळतो. रोजच्या माऱ्याला शरीर थोडेफार सरावते. रविवारच्या विसाव्यात तो सराव मोडतो आणि सोमवारची धूळ पुन्हा नवी होऊन बसते. मुकादमाला हे उत्तर होते! चैन नव्हे, विसाव्यानंतरची धूळ.

१९५०नंतरच्या दशकात इंग्लंडमधल्या लँकेशायरमध्ये रिचर्ड शिलिंग यांनी या रोगाच्या पायऱ्या मांडल्या: आधी एखादा सोमवार, मग प्रत्येक सोमवार, मग इतर वारही, आणि शेवटी कायमचा दम. सुरुवातीला वेढा सुटू शकतो. शेवटी नळ्याच बिघडतात. मुंबईच्या एका गिरणीतल्या बिसिनोसिसचा अभ्यास मुरलीधर दांपत्य आणि विजय कान्हेरे यांनी १९९५ साली प्रसिद्ध केला.

कायदा या रोगाला ओळखतो. १९४८च्या कामगार राज्य विमा कायद्याच्या व्यावसायिक रोगांच्या यादीत तो होता. पण भरपाईला पुरावा लागतो आणि सोमवारी सुरू होणाऱ्या रोगाची तपासणी शुक्रवारी केली तर पुरावा हाती कसा यावा? म्हणून सूतगिरणीत काम करणाऱ्या माझ्या बांधवांना सांगणे एवढेच: सोमवारी पाळी सुरू होण्याआधी आणि संपल्यावर फुंकर-यंत्राने दम मोजून घ्या, आकडे वहीत लिहा. धूळ ओढून घेणारी यंत्रे मागा. पंप दम सैल करतो, धूळ कमी करीत नाही.

वडिलांच्या छातीचे आकडे कोणी लिहिले नाहीत. लोखंड्यांनी आपल्याला रविवार मिळवून दिला. सोमवारचा श्वास मिळवणे आपल्याकडे राहिले आहे.