इपॉक्सी रेझिन पिवळं का पडतं? ऊन, ओलावा आणि तुमचा फोन

फुलं अडकवलेलं रेझिनचं कीचेन तुमच्याकडेही असेल. काही महिने खिडकीत राहिलं की ते पिवळसर दिसायला लागतं. हेच इपॉक्सी वेगळ्या रूपात तुमच्या फोनमध्येही आहे.

इपॉक्सी म्हणजे काय?
रेझिन आणि हार्डनर मिसळले की त्यांचे रेणू एकमेकांना जोडून घट्ट जाळं बनवतात. हे जाळं पुन्हा वितळत नाही. फोनचा सर्किट बोर्ड सहसा काचतंतू आणि इपॉक्सीचा असतो. बहुतेक चिप्सचं काळं कवचही सिलिकाची पूड मिसळलेल्या इपॉक्सीचंच असतं.

उन्हाने काय होतं?
उन्हातले अतिनील किरण या जाळ्यातले बंध तोडतात. तुटलेल्या जागी हवेतला ऑक्सिजन जोडला जातो, रंग पिवळा पडतो आणि पृष्ठभाग ठिसूळ होतो. हे नुकसान वरच्या पातळ थरापुरतं असतं, पण भरून येत नाही. गॅमा किरण मात्र खोलवर शिरतात, त्यामुळे ते आतले बंधही तोडतात.

ओलाव्याने काय होतं?
इपॉक्सी घट्ट असलं तरी पाणी हळूहळू आत झिरपतं. नुसतं इपॉक्सी स्वतःच्या वजनाच्या साधारण १ ते ५ टक्के पाणी शोषू शकतं. त्याने ते फुगतं आणि आधीपेक्षा कमी तापमानाला मऊ पडतं. वाळवलं की बराचसा फरक भरून निघतो, पण काचतंतू किंवा तांब्यापासून सुटलेली पकड परत येत नाही.

दोन्ही एकत्र आले तर आणखी वाईट: उन्हाने पडलेल्या बारीक भेगांतून पाणी सहज आत जातं.

मग फोनचं काय?
बोर्डला ऊन लागत नाही, त्यामुळे तिथे ओलावा महत्त्वाचा. सोल्डरिंगचं तापमान २४० ते २६० अंश सेल्सिअसपर्यंत जातं. चिपमध्ये ओलावा असेल तर त्याची अचानक वाफ होते आणि कवच आतून तडकतं. याला चक्क ‘पॉपकॉर्न’ म्हणतात! म्हणूनच अशा चिप्स सीलबंद पिशवीत, सिलिका जेलसोबत येतात. एका नेहमीच्या वर्गातल्या चिप्स पिशवी उघडल्यावर ३० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रतेपर्यंत १६८ तासच बाहेर ठेवता येतात. त्यानंतर त्या आधी भट्टीत वाळवाव्या लागतात.

तेव्हा भिजलेल्या फोनची चिप बदलायची वेळ आली, तर दुरुस्तीवाल्याला एक प्रश्न जरूर विचारा: “दादा, हॉट एअर मारण्याआधी बोर्ड नीट वाळवणार ना?” घाईत थेट गरम केलं तर शेजारची चांगली चिपही जाऊ शकते.

आणि कीचेन? ते खिडकीतून काढा, जास्त दिवस टिकेल.